थालरवरचा सहावा चेहरा

हाइनफेल्स, १४ सप्टेंबर १८२८

प्रिय सिबिलेताई,

तू पाठवलेले धारेचे दगड पोचले. डाक वाहणारी पाटीवाली बाई ते दारात आपटूनच गेली. म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, पुढच्या खेपेला पिसं पाठवा." पण दगड फर्मास आहेत. इथल्या बाजारातल्या दगडावर कोरणी घासली तर तिला धार येत नाही, नुसत्या गुदगुल्या होतात.

आता बातमी. मोठं काम मिळालंय. पुढच्या वसंतात आमच्या ड्यूकच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्यासाठी नवा चांदीचा थालर निघणार आहे आणि त्याचे दोन्ही ठसे मी कोरायचे आहेत. एका बाजूला ड्यूक, तो नेहमीचाच, फक्त हनुवटीखालची चरबी कमी करून. दुसऱ्या बाजूला मधोमध डचेस आणि तिच्याभोवती तिची सहा मुलं, प्रत्येकाचा चेहरा आपापल्या गोल चौकटीत, करंगळीच्या नखाएवढा. कडेनं अक्षरं: 'हा देवाचा आशीर्वाद'. नाण्याच्या एकाच बाजूला सात चेहरे. असं काम माझ्या हातात कुणी दिलं नव्हतं.

टांकसाळीचे मुख्य रूडोर्फसाहेब म्हणाले, "आमथोर, हे नीट उतरलं तर तुमची जागा पक्की. नाही उतरलं तर बाहेरून माणूस आणायला मला आठ दिवस लागतात." क्रिस्टियाने रीकेच्या बाळंतपणात गेली तेव्हा मी एक अख्खा हिवाळा भिंतीकडे तोंड करून बसलो आणि आधीच्या टांकसाळीनं मला काढलं, हे त्यांना ठाऊक आहे. ते तसं बोलले नाहीत. माझ्या हातांकडे पाहत राहिले.

पाच मुलांची चित्रं काढून झाली. त्यांचा मास्तर एकेकाला आणतो, ते बिस्किट खातं, मला जीभ दाखवतं आणि जातं. घोडं अडलंय ते सहावीपाशी. राजकन्या थेकला, वय सहा. छाती नाजूक म्हणून आजीबरोबर गरम झऱ्यांवर गेली आहे, नव्या वर्षाशिवाय परतत नाही. राजवाड्यात तिचं एकच चित्र आहे, तेही समोरून काढलेलं. त्यात गालाचे दोन गोळे आणि मध्ये एक टिंब. त्यावरून बाजूचा चेहरा कसा काढायचा?

मग विचार केला, सहा वर्षांची पोर ती सहा वर्षांची पोर. नखाएवढ्या चौकटीत कुणाला काय कळणार? ताई, माझी रीकेही सहाचीच आहे; तिची सावली कापून पाठव. एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला कागद, मध्ये ती. सावलीच्या कडेनं रेघ ओढायची आणि कात्रीनं कापायचं. तुला जमतं, आईची तूच कापली होतीस.

खरं सांगू? मलाही ती सावली हवी आहे. मागच्या वर्षीच्या ईस्टरनंतर मी तिला पाहिलेलं नाही. हा थालर पडला की पगार पक्का होईल. दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत, खिडक्या दक्षिणेला. मग मी पोरीला घेऊन येईन.

तुझा धाकटा,
एर्डमान


ओबरग्रुंड, ५ ऑक्टोबर १८२८

एर्डमान,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं ही माझी चूक झाली. राजकन्येच्या जागी आपण बसणार हे कळल्यापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नाहीत. काल बटाटे सोलायला सांगितले तर म्हणते, "आत्या, राजकन्या बटाटे सोलत नाहीत." मी म्हटलं, "बरं. आणि मग जेवतही नाहीत." गुपचूप सोलले.

सावलीचं म्हणशील तर माझ्या नाकी नऊ आलेत. पहिल्यांदा बसवली, तर ही स्वतःचीच सावली बघायला वळली. वळली की सावली पळते, सावली पळाली की ही ओरडते, "गेली!" दुसऱ्यांदा हसत सुटली. तिसऱ्यांदा मांजर आलं. तीन कागद वाया गेले. एकाला दोन नाकं आली आहेत. तुझ्या ड्यूकला दोन नाकांची मुलगी चालत असेल तर कळव.

तिचा तुला प्रश्न आहे. बाजारात लोक नाणं खरं की खोटं बघायला दाताखाली धरतात, तर ते आपल्याला चावतील का? उत्तर दे, नाहीतर माझं डोकं खाते.

आणि एक माझं. दीड वर्ष म्हणजे तुझ्यासारख्या माणसाला एक ठसा वाटत असेल, पोरीला ते पाव आयुष्य आहे. तिला आता तू नीट आठवत नाहीस. शेजारच्या कुनीगुंडेला ती सांगत होती, "माझे बाबा पोलादाचे आहेत." पोलादाचं काम करतात असं म्हणायचं होतं, पण मला ते खोटंही वाटलं नाही. तेव्हा नाणं पडो, नाही तर न पडो, नाताळला तोंड दाखव.

दोन दिवस घसा दुखतो म्हणते. कच्ची सफरचंदं खाल्ली असणार, दुसरं काय. गरम दूध दिलंय. बसेल तेव्हा पुन्हा बसवते.

सिबिले


हाइनफेल्स, १९ ऑक्टोबर १८२८

प्रिय ताई,

तिला सांग, चावणाऱ्याचाच दात पडेल. थालरमधली मुलगी भक्कम असते.

पण आता थट्टा पुरे. मला ती सावली नोव्हेंबर उजाडायच्या आत हवीच आहे. पाच चेहरे पोलादात उतरले, मधली डचेसही उतरली, आणि सहावी चौकट रिकामी आहे. रूडोर्फसाहेब दिवसातून दोनदा मागं येऊन उभे राहतात. काल म्हणाले, "आमथोर, देवाचे आशीर्वाद पाचच आहेत की काय?"

अंदाजानं कोरून टाक असं तू म्हणशील. पण ठशात सगळं उलटं असतं. नाण्यावर जे उचलून यायचं ते ठशात खोल खणायचं. मेणात चूक झाली तर अंगठ्यानं पुसता येते. पोलादातला खड्डा भरून येत नाही, फक्त आणखी खोल करता येतो. एक नाक चुकलं तर सातही चेहरे भंगारात, आणि त्यांच्यामागोमाग मी. ही जागा गेली तर तिसरी टांकसाळ मला उंबऱ्यावर उभं करणार नाही. मग दोन खोल्या विसर, रीके तुझ्याकडेच मोठी होईल आणि मी कुठल्यातरी गावात बटणं पाडत बसेन.

तिला खुर्चीला बांध, मध चाटव, मांजराला पिंपात घाल. काहीही कर, पण एकदा तरी तिला स्थिर बसव.

घसा बरा झाला ना?

एर्डमान


ओबरग्रुंड, ३० ऑक्टोबर १८२८

एर्डमान,

सोबत सावली आहे. ती हलली नाही.

कागद दुमडू नकोस. हा एकच आहे. काम नीट कर. इथे थंडी पडली.

सिबिले


हाइनफेल्स, १६ नोव्हेंबर १८२८

ताई, तू जादूगार आहेस!

काय रेघ आहे! कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठे थरथर नाही. मोठ्या माणसांच्या सावल्यासुद्धा इतक्या स्वच्छ येत नाहीत. कशी बसवलीस ती? मध की दोरी? की बापाचं पत्र ऐकून बाईसाहेबांना दया आली?

एक गंमत झाली. तिची हनुवटी जरा वर आहे आणि केस कपाळावरून सगळे मागे पडलेत, जणू ती आभाळात घार बघतेय. राजकन्येला ते शोभलं नसतं, म्हणून मी कागद थोडा खाली फिरवून लावला आणि केसांची एक बट कानावर ओढली. गालही उतरलेत. वाढत्या अंगाची आहे म्हणून की तू तिला पुरेसं लोणी देत नाहीस? राग मानू नकोस, पण लोणी दे.

चौदा दिवस मी तिच्याबरोबर आहे. टांकसाळीत पहाटे शेगडी पेटली की मी भिंग लावतो आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात शिरतो. वरचा ओठ कोरताना क्रिस्टियाने आठवली. तो ओठ तिचाच आहे, नाही? मी हे आधी कधी पाहिलं नव्हतं. थोडं कोरतो, ठशात मेण दाबतो, काढून बघतो. दर वेळी ती थोडी जास्त बाहेर येते. बाकीची पाच मुलं चांगली झाली आहेत, पण ती चित्रं आहेत. सहावी जिवंत आहे. रूडोर्फसाहेबांनी मेणाचा छाप पाहिला आणि म्हणाले, "ही एक तुम्ही मनापासून केली." मी म्हटलं, राजकन्या आहे ना साहेब.

मागच्या पत्रात तिची एक ओळसुद्धा नव्हती. अक्षरं गिरवते ना? तिच्या हातचं काहीतरी पाठव, वेडंवाकडं चालेल.

आनंदात असलेला,
एर्डमान


ओबरग्रुंड, ७ डिसेंबर १८२८

प्रिय एर्डमान,

सावली उपयोगी पडली हे बरं झालं.

ओळी मागू नकोस. इथे शाई दौतीत गोठते, मला स्वतःला लिहायला ती चुलीवर धरावी लागते. रीके शांत आहे. पूर्वीसारखा त्रास देत नाही. वरचा ओठ क्रिस्टियानेचा आहे हे तुला आता दिसलं? मला ती जन्मली त्याच दिवशी दिसलं होतं.

मला एकच सांग. ठसा कधी पक्का होतो? एकदा पक्का झाला, वरच्यांनी होकार दिला, की मग त्यात कुणी बदल करत नाही ना? ते झालं की लगेच कळव. त्याआधी इकडे यायची घाई करू नकोस. घाटात बर्फ आहे आणि तुझी छाती काही भक्कम नाही. नाताळला ये म्हणाले होते खरी, पण राहू दे. काम सोडून येऊ नकोस.

कुनीगुंडे आणि पाद्रीबाबा आठवण काढतात.

सिबिले


हाइनफेल्स, २८ डिसेंबर १८२८

प्रिय ताई,

तुला माझ्या ठशाची एवढी काळजी! लहानपणी माझे चाकू विहिरीत फेकायचीस.

तर ऐक, झालं. कोरलेलं पोलाद लाल करून पाण्यात बुडवायचं असतं, तेव्हा ते कडक होतं. तो क्षण वाईट. कधीकधी टण्ण आवाज येतो आणि महिनोनमहिन्यांचं काम दुभंगतं. बुडवताना माझे डोळे मिटलेले होते. आवाज आला नाही. मग कथलाचे नमुने पाडले, फक्त चार. ते राजवाड्यात जाऊन आले. डचेसबाईंनी बघितले, ड्यूकनी बघितले आणि होकार आला! आता कुणी बदल करत नाही, तुझ्या जिवाला शांती असो. नववर्षाचे सण आटोपले की चांदी ओतायची आणि ठोकायला लागायचं.

एक नमुना मी संध्याकाळभर माझ्याकडे ठेवून घेतला. खरं सांगतो, कुणी बघत नाही असं पाहून त्या सहाव्या चौकटीची पापी घेतली. कथलाची चव वाईट असते.

आता मला अडवू नकोस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी येतोय, बर्फ असो नाहीतर काही. पोरीची पेटी भरून ठेव. तिचा गरम झगा आखूड झाला असेल तर सांग, इथून नवा शिवून आणतो. माप पाठव.

तुझा,
एर्डमान


ओबरग्रुंड, ११ जानेवारी १८२९

एर्डमान, माझ्या भावा,

माप पाठवता येत नाही.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. दार लाव आणि बस.

रीके २६ ऑक्टोबरला गेली. कच्ची सफरचंदं नव्हती. घटसर्प होता. गावातली चार मुलं त्या पंधरवड्यात गेली, कुनीगुंडेचा धाकटाही. घशात पांढरं साचलं आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टर आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझं घाईचं पत्र आलं त्या दिवशी तिला धड गिळवत नव्हतं. 'चावणाऱ्याचाच दात पडेल' ते मी वाचून दाखवलं. हसली. मग म्हणाली, "आत्या, आता बसू का? आता नाही हलणार." मी म्हटलं, "बरी झालीस की बस." मी तिला बसू द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, पडदे ओढून, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. मी भाकरी वाढायला उठले आणि बघितलं तर पलीकडच्या भिंतीवर तिची सावली, अगदी स्वच्छ. कुनीगुंडे म्हणाली, "अगं, काय करतेस, पाप लागेल." मी म्हटलं, लागू दे. एका बाजूची मेणबत्ती विझवली, फळीला कागद टाचून तिच्या कडेला उभा धरला आणि रेघ ओढली. म्हणून हनुवटी वर आहे. म्हणून केस मागे पडलेत. ती घार बघत नव्हती रे.

मी तुला सांगितलं नाही. पहिलं कारण तुला कळलंच असेल. तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला असतास आणि या खेपेला तुला उठवायला रीकेही नव्हती. पण ते अर्धंच. दुसरं कारण ऐक. तुला कळलं असतं तर तुझ्या हातून तो चेहरा कोरलाच गेला नसता. कुठल्या बापाच्या हातून गेला असता? आणि इथे तिचं काही उरलेलं नाही. डॉक्टरनं गादी, कपडे, बाहुली, पाटी, ते तीन वाया गेलेले कागदसुद्धा अंगणात जाळायला लावले. मला वाटलं, कागद फाटेल, मी मरेन, पण चांदीतलं तोंड राहील. लोक त्याला थेकला म्हणू देत. आपल्याला ठाऊक असेल. म्हणून तू 'लोणी दे' लिहिलंस तेव्हाही मी गप्प बसले. 'रीके शांत आहे' असं लिहिलं. त्या वाक्यासाठी मला देव क्षमा करणार नाही आणि तूही करू नकोस.

आता ठसा पक्का झाला म्हणतोस. आता सांगते. एकच मागणं आहे, त्यातलं एक नाणं, कथलाचं असलं तरी चालेल, माझ्यासाठी ठेव. आणि तो कागद जपून ठेव.

इकडे ये. शिव्या द्यायला ये, पण ये.

तुझी,
सिबिले


हाइनफेल्स, १२ जानेवारी १८२९

प्रिय ताई,

हे पत्र वाचून हसशील. आगीतून फुफाट्यात पडलोय, पण भाजलेलो नाही.

राजकन्या थेकला आजीसह परत आली. आजी म्हणजे डचेसची आई, नजर ससाण्याची. कथलाचा नमुना तिनं नातीच्या गालाशी धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कुणाची पोर?" मग सगळ्यांनाच दिसलं. आपली रीके सडपातळ, आणि थेकला म्हणजे पिठात लोळवलेला कणकेचा गोळा. डचेसबाई रडल्या म्हणे, की माझ्या मुलांमध्ये परकी मुलगी बसवली. ड्यूकनी हुकूम दिला, ठसा नव्यानं कोरा, या वेळी थेकला स्वतः बसेल. रूडोर्फसाहेबांनी माझी बाजू घेतली, म्हणाले, दोष चित्राचा, माणसाचा नाही. जागा शाबूत आहे!

रद्द झालेला ठसा तसाच ठेवत नाहीत, कुणी चोरून नाणी पाडतील म्हणून. ज्यानं कोरला त्यानंच साक्षीदारांसमोर छिन्नीनं त्याच्यावर फुली मारायची, अशी टांकसाळीची रीत आहे. काल ते उरकलं. रूडोर्फसाहेब म्हणाले, "हवं तर मी मारतो, तुमचा जीव त्यात आहे." मी म्हटलं, "साहेब, माझा जीव ओबरग्रुंडला बटाटे सोलतोय. हे नुसतं पोलाद." आणि दोन घाव घातले, एक सरळ सहाव्या चौकटीतून. चारी नमुने कढईत टाकून वितळवले. सावलीचा कागद मेण लागून लागून चिंधी झाला होता, तो शेगडी पेटवायला गेला. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. तीन-चार आठवड्यांत खरी मुलगी मांडीवर बसणार असताना माणूस कागदासाठी कशाला रडेल?

झग्याचं माप अजून आलं नाही. पाटीवाली म्हणते बर्फामुळे उशीर. वाट बघतो.

तुझा,
एर्डमान


हाइनफेल्स, २७ जानेवारी १८२९

ताई,

तुझं पत्र मिळालं. माझंही तुला मिळालं असेल. वाटेत कुठेतरी ती एकमेकांजवळून गेली असतील, बहुतेक पाटीवाल्यांच्या एकाच सरायीत.

मी शेगडीतली राख चाळून पाहिली. कढईतलं कथील बाटल्यांच्या टोप्यांसाठी विकलं गेलंय. ठशाचा तुकडा मिळाला, फुली खोल गेली आहे. मी जोरात मारली होती. हसत होतो.

येत नाही.

एर्डमान


ओबरग्रुंड, २२ फेब्रुवारी १८२९

एर्डमान,

एक ओळ पाठव. शिवी असली तरी चालेल. भिंतीकडे तोंड करून बसला असशील तर तसं कुणाकडून तरी कळव, मी बर्फातून चालत येते. मी मोठी आहे, मी गप्प राहायला नको होतं. मी बोलले असते तर तू तो ठसा घरी नेऊन लपवला असतास, तुरुंगात गेला असतास, पण फुली मारली नसतीस. हे मला दिवसातून दहादा कळतं.

पाटीवालीला थांबवून ठेवली आहे. ती म्हणते, "बाई, आज पिसं आहेत का?" मी तिला हे पत्र देते आहे.

सिबिले


हाइनफेल्स, ९ एप्रिल १८२९

ताई,

मी भिंतीकडे तोंड करून बसलो नाही. कामावर गेलो, रोज. तू ज्यासाठी गप्प राहिलीस ते साधलं. थालर निघाला, ड्यूक खूश आहे, जागा पक्की झाली. दोन खोल्या घेतल्या आहेत, भाडं आधीच बोललो होतो म्हणून. दक्षिणेचं ऊन दिवसभर आत पडतं आणि मला त्याचं काय करायचं ते समजत नाही.

थेकला माझ्यासमोर चार वेळा बसली. तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण ती चांगली पोर आहे. सर्दीनं नाक वाहत होतं, ते बाहीला पुसायची आणि मास्तर ओरडला की मला डोळा मारायची. एकदा म्हणाली, "तुम्ही मला असं का बघता?" मी म्हटलं, "बाईसाहेब, नाण्यासाठी बघावं लागतं." तिनं मला तिचं अर्धं बिस्किट दिलं. मी खाल्लं.

आता जे लिहितो ते फक्त तुलाच लिहू शकतो. मी रीकेचं चित्र काढायला बसतो. पहिली रेघ, कपाळ, ते येतं. मग नाकाशी हात पोचतो आणि थेकलाचं नाक येतं. खोडतो, पुन्हा काढतो, तेच येतं. चौदा दिवस मी त्या ओठाच्या कोपऱ्यात राहत होतो आणि आज तो ओठ माझ्याकडे नाही. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. त्यानंतर माझ्याकडे आली ती तू पाठवलेली सावली, आणि तिच्या जागी मी दुसरी कोरली. माझ्या हाताला जे शेवटी शिकवलं तेच तो जाणतो.

ताई, तिचं नाक कसं होतं? सरळ होतं की टोकाला उचललेलं? कपाळ आणि नाक यांच्यामध्ये खाच होती का? जेवढं आठवतं तेवढं लिही. साधं लिही, मी रेघ लावीन.

नवा थालर सोबत पाठवतो. ठेव किंवा टाक. तू एक मागितलं होतंस.

एर्डमान


ओबरग्रुंड, ३ मे १८२९

प्रिय एर्डमान,

तुझं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी तुला उत्तर लिहायला बसते. 'नाक सरळ होतं' असं लिहिलं आणि खोडलं. 'टोकाला जरा उचललेलं' लिहिलं, तेही खोडलं, कारण ते आपल्या आईचं आहे. मी डोळे मिटले की मला ती दिसते, पण कशी सांगू? निजलेलीच दिसते, हनुवटी वर, केस मागे, त्या फळीच्या कडेला. मीच ती रेघ ओढली आणि ती रेघ मागच्या सगळ्यावरून गेली. बटाटे सोलताना ती कशी दिसायची, सावलीमागं वळून 'गेली!' ओरडायची तेव्हा कशी दिसायची, तो आवाज कानात आहे आणि तोंडाच्या जागी मला काही सापडत नाही. सहा वर्षं मी तिला न्हाऊमाखू घातलं. तू निदान लांब होतास. मला काय झालं?

तुझा थालर मी खिडकीत ठेवला होता. ठेवायला नको होता. परवा कुनीगुंडे दूध घेऊन आली. मी मागे शरदात गावात सांगून बसले होते, की आमची रीके नाण्यावर येणार. तिनं तो उचलला, उजेडाकडे धरला, एकेक चौकट बघत सहावीपाशी आली आणि किंचाळली, "अगं बाई! ही बघ रीके! हुबेहूब!" आणि रडायला लागली. तिचा स्वतःचा मुलगा गेला त्याचं काहीच नाही तिच्याजवळ, आणि ती माझ्यासाठी आनंदानं रडत होती. तिला मी काय सांगायचं होतं? ही राजकन्या आहे, हिला सर्दी झाली होती, रीकेला तिच्याच बापानं छिन्नी मारली, असं?

मी म्हटलं, "हो. तीच."

त्या दिवसापासून रीघ लागली आहे. पाद्रीबाबा येऊन गेले, दगड फोडणारे येऊन गेले, तिच्याबरोबर खेळणाऱ्या पोरी आल्या. एकेकजण बोट लावतो आणि म्हणतो, तेच गाल, तेच नाक, चांगली भरली होती नाही पोर. शाळामास्तर म्हणाला, "हसताना अशीच दिसायची." सगळ्यांना आठवतंय, एर्डमान. आणि सगळ्यांना तीच आठवते आहे. कालपासून मीही बघायला लागले. आज सकाळी चुलीपाशी उभी असताना मला एकदम रीकेचं तोंड आठवलं, स्वच्छ, डोळे उघडे, हसरं. आनंदानं मी हातातली पळी तशीच खाली टाकली. मग कळलं की गाल गोल होते.

तू विचारतोस ते मला सांगता येणार नाही. मी काहीतरी सांगेन, तू काहीतरी काढशील, आणि ते तिसरंच कुणीतरी असेल. तेव्हा काढू नकोस. मी तो थालर कपाटात बंद केला तर लोक म्हणतात, सिबिले, पोरीला अंधारात का ठेवलंस? म्हणून पुन्हा खिडकीत ठेवलाय.

ही रीके नाही, हे ठाऊक असलेली आता आपण दोघंच आहोत, आणि ती कशी होती ते आपल्या दोघांनाही सांगता येत नाही.

सिबिले